बाबा ओ देत होते

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं सवडीनं वाचा. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं असेल आणि एक दिवस ते जंगलात, शेतात किंवा बाजारात हरवलं, तर चारही बाजूंनी हाका मारत फिरू नका. एका जागी उभे राहा. एकानंच हाक द्यावी, बाकीच्यांनी गप्प बसावं.

आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी आम्ही तीसेक माणसं नेमकं उलटं करत होतो, आणि त्या जंगलात माझा बाप एकटा नव्हता.

सत्तर पानं

आमचं गाव पोंभुर्णा तालुक्यात. घरामागच्या सांदवाडीचं, म्हणजे परसाचं, कुंपण संपलं की जंगल सुरू होतं. धान काढून झाल्यावर गावाचा उन्हाळा जंगलावर चालतो, आधी मोह, मग तेंदूपत्ता. तेंदूचं काम ठरलेलं असतं. पहाटे सगळ्यांनी मिळून पानं तोडायची, उन्हं चढायच्या आत परतायचं, दुपारभर अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे वाखाच्या दोरीनं बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागेवर, मांडायचे.

बाबा कधी पानं मोजायचे नाहीत. गप्पा मारता मारता त्यांचा हात सत्तरला आपोआप थांबायचा. फळीवर हिशेब ठेवणारा दिवाणजी बाकीच्यांचे पुडे सोडून मोजायचा, बाबांचे नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यानं बाबांचा पुडा पहिल्यांदा सोडला. त्यात एकेचाळीस पानं निघाली. दुसऱ्यात शंभराच्या वर. दिवाणजी हसला, "काय जी भाऊ, बुढापा आला का?" बाबाही हसले. मीही हसले. सगळे हसले, म्हणून पुढचं वर्षभर आम्ही काहीच केलं नाही.

तुमच्याकडे तेंदूपत्ता नसेल. पण तुमच्या माणसाचा हातही कुठे ना कुठे न मोजता थांबत असेल, भाकरीच्या पिठाला, विड्याच्या चुन्याला, शिलाईच्या मापाला. तो हात चुकू लागला की हसू नका. डॉक्टरांकडे जा.

घड्याळ

आम्ही गेलो तेव्हा बाबा घरचा रस्ता दोनदा चुकले होते आणि आईनं आपली पिशवी लपवली म्हणून तिच्याशी भांडत होते. त्या पिशवीत पत्रकं असायची. बाबांनी आयुष्यभर ग्रामसभेचं काम केलं. वनहक्काची पत्रकं छापून आणायची, गावोगाव वाटायची. त्यांच्या घड्या घालणं माझं काम होतं. मी वाचायला शिकले ते त्या कागदांवरच. 'जंगल आमचं' या दोन शब्दांनी माझी बाराखडी सुरू झाली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बाबांपुढे कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं.

बाबा म्हणाले, "घड्याळ कायले पायजे? मी कधी बांधलंच नाई. वर सूर्य हाये ना."

डॉक्टर हसले. मग ते मला म्हणाले, यांना नक्की येणारं काही सांगा. मी म्हणाले, पुड्यात किती पानं असतात ते विचारा.

"सत्तर," बाबा ताडकन म्हणाले.

डॉक्टरांनी टेबलावरच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "बांधा एक पुडा." बाबा लावत गेले, लावत गेले. चिठ्ठ्या संपल्या तेव्हा त्यांनी टेबलावरचं आमचं बसचं तिकीट उचलून वर ठेवलं, आणि हात थांबवायला कुणीतरी सांगेल अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

रोगाचं नाव डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मला ते त्या नजरेतच समजलं होतं. गोळ्यांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही, असं ते म्हणाले. आणि जाता जाता मला बाजूला घेऊन बोलले, "सवयी शेवटपर्यंत टिकतात. त्या बघून फसू नका." हे वाक्य मी डायरीत लिहून घेतलं आणि घरी येऊन विसरले. आजारी बाबा होते, विसरले मी.

कडी

माझा मोठा भाऊ, दादा, कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे. सुटीच्या दिवशी येतो. त्या रविवारी तो येताना कडी-कुलूप घेऊन आला.

"मागच्या खोलीले लावतो. तुमी दोघी कामाले गेल्या का बाहेरून बंद करायचं."

"माझ्या बापाले कोंडशील?" मी म्हणाले.

"तुझा एकटीचा बाप हाये काय? गावात वाघ फिरून राह्यला. परवा बोडीवर पाणी पेताना दिसला लोकायले."

"मग बैलाच्या गळ्यातली घंटी पण बांध ना त्याच्या गळ्यात!"

"बांधतो. काय बिघडलं? सापडन तं सही."

मी ते कुलूप उचलून अंगणात फेकलं. ज्या माणसानं हजार लोकांना सांगितलं की जंगलात जाणं हा तुमचा हक्क आहे, त्याला मी आठ बाय दहाच्या खोलीत कोंडणार नव्हते. मी पुष्कळ बोलले. छान बोलले. दादा न जेवताच बस धरायला निघाला.

या सगळ्यात आई चुलीपाशी बसून होती. बाबांना आंघोळ घालताना तिच्या हाताला त्यांची नखं लागली होती, तिथं हळद लावलेली होती. दुपारी जरा पडायची तेव्हा ती आपला पदर त्यांच्या धोतराच्या टोकाला बांधून ठेवायची, ते उठले की आपण उठू म्हणून. असं ती महिनोन् महिने झोपत होती. आम्ही दोघं भावंडं तत्त्वावर भांडलो. तिला कुणी विचारलं नाही.

दादा गेल्यावर ती चुलीकडे बघत म्हणाली, "एखाद्या दिवशी जाऊ द्या ना त्याईले जंगलात. नेलं तं नेलं वाघानं. सुटतीन. आन मी बी सुटन."

मी तिच्यावर ओरडले. ही माझी सगळ्यात मोठी चूक. माणूस सांभाळणाऱ्याच्या मनात असं येतं. तुमच्याही येईल. ते बोलून दाखवणारं माणूस वाईट नसतं, थकलेलं असतं. तेव्हा त्याच्या हातातलं काम घ्या आणि त्याला चार तास निजू द्या. मी आईला भाषण दिलं.

हाळी

त्या उन्हाळ्यात बाबांना तोडणीला न्यायचं मी ठरवलं. एकट्यानं नाही, बायकांच्या टोळीबरोबर. टोळीची पुढारी शेवंताबाई, आमच्या शेजारची. पंचवीस वर्षं ती बाबांबरोबर जंगलात गेलेली.

आमच्याकडे तोडणीच्या वेळी हाळी चालते. झुडपाआड माणूस दिसत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी 'होऽऽ' करतं आणि बाकीचे एकेक करून ओ देतात. जनावरालाही कळतं की इथं पुष्कळ माणसं आहेत. ज्याची ओ येत नाही त्याच्याकडे सगळे धावतात. हा नियम लहानपणापासून अंगात भिनलेला असतो, विचार करावा लागत नाही.

पहिल्या दिवशी शेवंताबाईनं हाळी दिली आणि बाबांची ओ सगळ्यांच्या आधी आली. खणखणीत.

"पाय वं," शेवंताबाई मला म्हणाली, "भाऊ तं बरा झाला! तुमच्या घरातच बिमार होते भाऊ."

मला रडू आलं. घरी मुलीचं नाव न आठवणारा माणूस जंगलात प्रत्येक हाळीला ओ देत होता. आठवडाभर रोज हेच. मी दादाला फोन करून सांगितलं, बघ, कुलपानं नाही, मोकळेपणानं माणूस सुधारतो. आईसुद्धा त्या आठवड्यात दोन सकाळी शांत झोपली.

आम्ही ओ मोजत होतो. ओ आली म्हणजे बाबा आहेत. बाबा आहेत म्हणजे त्यांना समजतं आहे. मैदानातल्या, शहरातल्या माणसानं ही चूक केली नसती, त्यानं वळून पाहिलं असतं. आम्ही जंगलातली माणसं, कानावर विसंबलो.

ती सकाळ

आठव्या दिवशी मला पोंभुर्ण्याला तहसीलमध्ये काम होतं, पण ते मी पुढे ढकललं आणि टोळीबरोबर गेले. आईही आली होती. सकाळी गावातून निघतानाच वनरक्षकानं सांगितलं, नाल्यापलीकडे ओल्या मातीत पंजे आहेत, ताजे आहेत, नाल्याच्या अलीकडेच राहा.

आम्ही अलीकडेच राहिलो. पण नाल्याच्या वरच्या अंगाला दुसऱ्या गावची टोळी तोडत होती. त्यांचीही हाळी चालू होती.

शेवंताबाईनं हाळी दिली. बाबांची ओ आली, जरा लांबून. पुढच्या वेळी आणखी लांबून. तिसऱ्या वेळी मी मान वर केली. ओ नाल्याकडून येत होती.

"बाबाऽऽ!"

"होऽऽ," बाबा म्हणाले. आवाजात भीती नव्हती, घाई नव्हती. ते दुसऱ्या गावच्या हाळीला ओ देत होते आणि तिकडे चालत होते. ज्यांनी हाळी दिली त्यांना माहीतच नव्हतं की बाबा नावाचा कुणी माणूस आहे.

आईनं डोक्यावरचं पानांचं गाठोडं खाली टाकलं आणि मटकन बसली. तिला काय आठवत होतं ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं.

तीस जणांचा आवाज

वनरक्षक आला, दोन्ही टोळ्या गोळा झाल्या. आपल्या रीतीप्रमाणे आम्ही पांगलो आणि ओरडत निघालो. कुणी डबा वाजवत होतं, कुणी शिट्ट्या मारत होतं. प्रत्येक हाकेला उत्तर येत होतं. हीच भयंकर गोष्ट होती. बाबा कुठंही गप्प पडलेले नव्हते, ते दर वेळी ओ देत होते. एकदा उजवीकडून. मग मागून. मग नाल्याच्या पार.

"अवं आता इकडं व्हता ना बुढा," शेवंताबाई धापा टाकत म्हणाली. "आता तिकडं. गरगर फिरून राह्यला काय?"

मी तिथंच थांबले. डॉक्टरांचं वाक्य वर्षभरानं मला ऐकू आलं. सवयी शेवटपर्यंत टिकतात. बाबा हरवले नव्हते, आम्ही त्यांना फिरवत होतो. ज्याची हाक शेवटची, त्याच्याकडे ते वळत होते. चालता चालता दुसरी हाक, की तिकडे. तीस माणसं तीस दिशांना त्यांना ओढत होती.

मी वनरक्षकाला म्हणाले, सगळ्यांना गप्प करा.

"पागल झाल्या काय ताई? आवाज हाये म्हणून जनावर दबून हाये. आवाज बंद केला तं मी जबाबदार नाई."

त्याचं बरोबर होतं. आवाजानं वाघ लांब राहत होता, आणि त्याच आवाजानं बाबा चालत होते, वाघ असलेल्या बाजूला. दोन्हीतलं एक निवडायचं होतं. पत्रकात अशा वेळेसाठी काहीच लिहिलेलं नसतं. तिथं कोण चूक, कोण बरोबर हे आधीच ठरलेलं असतं.

मी निवडलं. सगळ्यांना एका मोहाच्या झाडाखाली गोळा केलं, पाठीला पाठ लावून, आणि गप्प केलं.

जंगल एवढं गप्प झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पलीकडे एक वानर खेकसलं. मग दुसरं. वानरं वरून वाघ बघून असं खेकसतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मी हाळी द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात आई उठली.

"मी देतो," ती म्हणाली.

तिनं हाळी दिली नाही. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभी राहून ती चाळीस वर्षं जशी हाक मारायची तशीच मारली. "जेवाले याऽऽ जीऽऽ."

उत्तर नाही. वानर खेकसलं.

"जेवाले याऽऽ. थंडं होऊन राह्यलंऽऽ."

"येतो नाऽऽ," बाबा म्हणाले. त्या सकाळी पहिल्यांदा त्यांनी 'हो' सोडून दुसरं काही म्हटलं.

ती बोलवत राहिली. तिथूनच, एक पाऊल न हलता. मला पळत जावंसं वाटत होतं, शेवंताबाईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिथं नंतर वळ उठले. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. झुडपं हलली आणि बाबा बाहेर आले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, म्हणजे नाला ओलांडून आले होते. उपरण्यात तेंदूची पानं, नीट, देठाला देठ लावलेली.

"एवढा काऊन तमाशा?" ते सगळ्यांना बघून म्हणाले. मग आईपाशी बसले आणि नाल्याकडे बोट करून तक्रार केल्यासारखं बोलले, "तिकडं एक जण व्हता. मी हाळी देली. त्यानं ओ नाई देली. नुसता पाहून राह्यला."

कुणीही विचारलं नाही, कोण होता.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक तिथली माती बघून आला. आईसमोर काही बोलला नाही. मला अंगणाबाहेर नेऊन त्यानं जमिनीवर काठी आडवी ठेवून दाखवलं, बाबांच्या पावलापासून पंजा किती अंतरावर होता ते. काठी उरली.

घरात

आता मागच्या दाराला कडी आहे. मीच लावली, वरच्या बाजूला, जिथं बाबांची नजर जात नाही. दाराला बैलाच्या गळ्यातली घंटीही आहे. दादाला फोन करून सांगितलं तेव्हा तो हसला नाही, टोमणाही मारला नाही. "मी सुटी टाकतो," म्हणाला. आता महिन्यातले चार दिवस तो बाबांना बघतो आणि आई तिच्या बहिणीकडे गडचिरोलीला जाते. कडी चुकीची नव्हती. आमचा तिघांचा थकवा एकट्या कडीवर टाकणं चुकीचं होतं. बाबा एकटे असताना ती कधीच लागत नाही, घरात कुणीतरी असतंच. मी मोकळेपणावर बोलत होते तेव्हा त्या मोकळेपणाची राखण आई एकटी करत होती.

जे उपयोगी पडलं ते सांगते. बाबांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आतून नाव, गाव आणि फोन नंबर शिवला आहे. आंघोळीनंतर रोज एक फोटो काढतो, आज अंगावर काय आहे ते दिसावं म्हणून. पोलीस पाटील, बसथांब्यावरचा चहावाला, शेवंताबाई, सगळ्यांना आजार सांगून ठेवला आहे. लाज बाळगली असती तर आणखी एकटे पडलो असतो. आंघोळीला नको म्हणाले तर भांडत नाही, चहा देऊन अर्ध्या तासानं परत विचारतो. पिशवी लपवली म्हणाले तर "लपवली नाही" असं कुणी म्हणत नाही, त्यांच्याबरोबर शोधायला बसतो. तुमच्या माणसाला घरची कुठली हाक समजते ते तुम्हीही आधीच शोधून ठेवा. आमच्याकडे ती जेवणाची निघाली. ती हाक द्यायचा हक्क एकाच माणसाचा, आईचा. ती नसताना माझा.

पण मी खोटी आशा देणार नाही. ही वाट एकाच बाजूला जाते.

या उन्हाळ्यात बाबा अंगणात बसून असतात. आम्ही तोडून आणलेल्या पानांतली टोपलीभर पानं त्यांच्यापुढे ठेवतो. ते लावत जातात, पुडे बांधतात. कशात दहा, कशात दीडशे. आम्ही ते सोडून पुन्हा बांधतो, त्यांच्या पाठीमागे. मधूनच मी स्वयंपाकघरातून हाळी देते, आणि अंगणातून ओ येते. महिनाभरापूर्वी ती यायला वेळ लागू लागला. हाळी, मग वाट बघणं, मग ओ.

परवा सकाळी मी दारात उभी राहिले आणि हाळी दिली. बाबा पाच हातांवर बसलेले, हातात पान. त्यांनी मान वर केली. ओ दिली नाही. नुसतं माझ्याकडे पाहत राहिले.

मी पुढे गेले नाही. दारातच उभी राहून पुन्हा हाळी दिली. आणि पुन्हा. त्याच जागेवरून.